सोनीचं शेणव्याचं घर

टोकावडे

आमच्या अण्णामामांना लोक भुतं दाखवायला बोलावतात. दुसऱ्या कुणाला जेवायला बोलावणं येतं, लग्नाला येतं. यांना येतं ते अंगात येणारी बाई पाहायला, नाहीतर नुसत्या नजरेनं पाणी उकळणारा माणूस पाहायला. हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवून मामा निवृत्त झाले, पण हा उद्योग काही निवृत्त झाला नाही. तो पाणी उकळणारा गृहस्थ मला चांगला आठवतो. पितळी पातेल्याकडे टक लावून तो दुपारभर बसला आणि मामा त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. पाणी गारच राहिलं. शेवटी मामा म्हणाले, "दमलात तुम्ही. आता हे चुलीवर ठेवू आणि चहा घेऊ." तो माणूस आधी ओशाळला, मग पोट धरून हसला. अजून तो दिवाळीला मामांकडे चकल्या पाठवतो.

या हिवाळ्यात बोलावणं आलं ते मुरबाडच्या पलीकडून, टोकावड्याहून. मामांचे जुने विद्यार्थी गोविंदमास्तर तिथल्या शाळेवर आहेत. जवळच्या पाड्यावरची एक लहान मुलगी आपण मागच्या जन्मी शेणवा गावची मथी होतो असं सांगते, लोकांची रीघ लागली आहे, आणि मुलीच्या आईकडे बघवत नाही, असा त्यांचा निरोप होता. शेवटचं ऐकलं तशी मामांनी धोतरं बांधायला घेतली. मुलीचं काम, तेव्हा बरोबर एक बाई असावी, आणि मी शिकवते त्या शाळेला नाताळची सुट्टी होती. म्हणून मी निघाले.

पुण्याच्या माणसाला टोकावड्याला गेल्यावर पहिल्यांदा नवल वाटतं ते सह्याद्रीची पाठ सोडून पोट बघायला मिळतं याचं. आमच्या बाजूनं डोंगर हळूहळू चढत जातात. इथे माळशेजची भिंत एकदम समोर उभी राहते आणि सूर्य तिच्यावरून उशिरा डोकावतो. भातं कापून झाली होती. उघड्या खाचरांतून वालाचे वेल पसरले होते. रानातल्या ऐनांच्या फांद्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, तोडून नेलेल्या, त्यामुळे झाडं नुकती मुंज झालेल्या मुलांसारखी दिसत होती. लढाई सुरू झाल्यापासून रॉकेल महागलं, अशी कुरकूर दुकानात ऐकू आली. बाकी लढाईचा इथे मागमूस नव्हता.

मुलीचं नाव सोनी. बाप धर्मा आणि आई चांगुणा. बापाची एक विधवा आत्या घरात होती, आणि घरचा सगळा कारभार तिच्याच हातात दिसला. आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर नारळ फोडण्याचं काम तीच करत होती. आलेल्या बायका सोनीच्या पायांवर पाणी घालत, डोकं टेकवत. मळकट परकरातली ती सात-आठ वर्षांची पोर भिंतीला टेकून बसली होती आणि आपल्या ओल्या पायांकडे बघत होती.

चांगुणा चुलीपाशी होती. तिनं आम्हाला तांदळाची भाकर, वालाचं बिरडं आणि खुरासणीची काळी चटणी वाढली. आमच्याकडे तांदळाची भाकरी म्हणजे सणावारी हौस. इथे तीच रोजची, आणि पाहुण्यांसाठी ती इतकी पातळ थापतात की पलीकडचा उजेड दिसावा. मी म्हटलं, "सोनीला बोलवा की जेवायला." चांगुणानं मान हलवली.

"माज्या हातचं खात नाय ती. शेजारणीकडं खाते. मला आय बी म्हनत नाय."

"कधीपासून?"

"झाले तीन महिने. बाळ गेला माजा भादव्यात, त्याच्या मागनं." एवढं बोलून ती भाकर उलटायला वळली.

दुपारी मामा सोनीजवळ जाऊन बसले. मला वाटलं आता उलटतपासणी होणार. पण मामांनी ती सांगेल ते सगळं ऐकून घेतलं. शेणव्याला माजं घर हाय. दारात उंबर हाय. काळी गाय हाय. माजी आय हाय, भिमाय. मी बाळंतपणात मेले. मध्येच आत्या पुढचं सांगू लागली, तिलाही मामांनी हातानं थांबवलं आणि सोनीचं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग विचारलं, "आपण शेणव्याला गेलो, तर तुला काय काय ओळखू येईल?"

"उंबर. गाय. आय."

"आणि समजा नाही आलं ओळखू, तर मग काय समजायचं?"

"तरी मी तितंच ऱ्हाईन," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, हे पढवलेलं दिसतंय." ते म्हणाले, "असेलही. पण पढवलेलं पोर कौतुकाची वाट बघतं. ही कसलीच वाट बघत नाही." तिकडे शेणव्याच्या म्हातारीनं आधीच दोनदा निरोप पाठवला होता, की माझी मथी म्हणत असाल तर पोरीला एकदा आणा. धर्मा गाडी जुंपायला तयार होता. देवाच्याच मनात असेल तर पोर तिकडे ठेवून येऊ, इथवर त्याच्या मनाची तयारी झाली होती. हे तो बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा बांधता बांधता, आमच्याकडे न बघता बोलला.

काळूच्या पलीकडे

सकाळी निघालो. गाडीत गवत अंथरलेलं. पुढे धर्मा, मध्ये मामा आणि मी, मागे सोनी, आणि सगळ्यात मागे, पाय खाली सोडून, चांगुणा. काळू नदीला गुडघाभरच पाणी होतं, पण बैलांना मधोमध थांबून पाणी प्यायची लहर आली आणि एक चाक गोट्यांत रुतलं. सगळे उतरलो. चाक निघालं, पण मामांची एक वहाण नदीनं नेली. उरलेली हातात धरून ते म्हणाले, "ही तरी कशाला राहावी एकटी?" आणि तीही सोडून दिली. सोनी पहिल्यांदा हसली. ते हसू पाहायला चांगुणा पाण्यातच वळून उभी राहिली, तशी पोरीनं तोंड फिरवलं.

पलीकडच्या काठावर एक कासारीण भेटली. डोक्यावर बांगड्यांचा हारा. तिनं गाडीत जागा मागितली आणि हारा ठेवताच सोनीच्या गालाला हात लावला. "ही काय, चांगुनेची पोर! माज्या गोष्टी आयकत बसायची ही, रातभर. शेणव्याच्या भिमायची गोष्ट आयकून किती रडली व्हती, आठवतंय गो?"

मी मामांकडे बघितलं. मामांनी साधेपणानं विचारलं, "कुठली गोष्ट, बाई?"

कासारीण सांगू लागली. ती नदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही तालुक्यांत फिरते, पावसाआधी आणि पावसानंतर. शेणव्याच्या भिमायची मुलगी मथी माहेरी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्याला आता वर्षं लोटली. पण भिमाय अजून जेवायला बसली की पहिला घास काढून बाजूला ठेवते, मथीसाठी. "अशी आय कुनाला मिलायची," कासारीण म्हणाली आणि पुढच्या फाट्यावर उतरून गेली. तिनं काय सांगितलं ते तिच्या गावीही नव्हतं. धर्मा बैलांशी बोलत होता, त्यानं ऐकलं असेल असं वाटलं नाही. चांगुणानं ऐकलं होतं. तिची नजर रस्त्यावर होती.

माझ्या दृष्टीनं प्रकरण तिथेच संपलं होतं. बैल थांबले तेव्हा मी मामांना बाजूला घेऊन म्हटलं, "आता पुढे जायचं कशाला? कळलं ना सगळं."

"मुलीला कुठून कळलं ते कळलं," मामा म्हणाले. "मुलीला ते का हवंय, ते कुठे कळलंय?"

"पण तिकडे ती म्हातारी आशेनं बसली असेल."

"म्हणून तर जायला हवं. दोघींना वाटेत सोडून कसं चालेल?"

शेणवा

शेणव्याला आमच्या आधी बातमी पोचली होती. भिमायच्या अंगणात निम्मा गाव. गर्दी मागे सारून मामांनी सगळ्यांना हात जोडले आणि विनंती केली, की पोरीला तिचं तिला ओळखू द्या, कुणी खूण करू नका, कुणी सांगू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सोनी गाडीतून उतरताच पाच-सहा बोटं एकदम घराकडे वळली.

दारात उंबर नव्हता, शेवगा होता.

"उंबर व्हता ना रे पयला?" एक म्हातारा म्हणाला.

"कवा?"

"व्हता आसंल. पडला आसंल वाऱ्यानं."

गाय निघाली पांढरी. तिची आजी काळी होती, असं तिसऱ्याला आठवलं. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. मामा मात्र प्रत्येकाचं ऐकून "असं का?" म्हणत होते, आणि एकेकाचा आवाज आपोआप खाली येत होता.

भिमाय ओट्यावर बसली होती. सुकलेली, ताठ बाई, केस अगदी पांढरे. सोनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हातारीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मी तुला काय म्हनून हाक मारायची गो?"

एका बाईनं मथीचं लाडाचं नाव सुचवायला हळूच "चि..." असं सुरू केलं.

"राहू द्या, बाई," मामा म्हणाले. "आपण सगळेच थोडे गप्प बसू."

सोनीनं परकर मुठीत घट्ट धरला. मला वाटलं आता ही रडणार आणि सगळे तिला खोटारडी म्हणणार. पण ती म्हणाली, "तू माज्यासाठी घास ठेवतेस ना?"

एकच गलका झाला. घासाचं पोरीला कसं कळलं! कुणी कुंकू आणायला धावलं, कुणी सोनीच्या पायांकडे वाकलं. भिमायनं पदर तोंडाला लावला. मघाचा म्हातारा मामांकडे वळला. "बोला मास्तर! आता तरी पटलं का?"

"पोरीला भूक लागलीय, एवढं नक्की पटलं," मामा म्हणाले. "आधी तिला वाढा."

भिमायनं तिला आत नेलं आणि आपल्या हातानं जेवू घातलं. उकड्या तांदळाचा भात आणि सुकटीचं कालवण. सोनी अधाशासारखी जेवली. चांगुणा काही घरात आली नाही. ती गाडीच्या जुवावर बसून होती. मी तिच्यासाठी ताट नेलं, ते तिनं मांडीवर ठेवून घेतलं फक्त. संध्याकाळी गावकऱ्यांनी धर्माला मधे घेऊन ठरवूनही टाकलं, की पोर इथली आहे, इथेच राहील. धर्मानं मान खाली घालून "हां" म्हटलं.

सकाळी मी सोनीला ओढ्यावर नेलं. तिचे केस गुंतून त्यांच्या जटा व्हायला आल्या होत्या, आणि जटा दिसल्या असत्या तर लोकांना आणखी एक देव सापडला असता. भिमायकडून तेलाची वाटी आणली आणि खडकावर बसून एकेक गुंता सोडवू लागले. मी काहीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर काय विचारावं ते मला सुचत नव्हतं. तीच बोलू लागली.

"मी मथी हाय ना."

"बरं."

"मंग बाळ माजा भाव नाय ना?"

"मथीचा भाऊ नव्हे तो."

"मंग त्यो माज्या पायानं नाय गेला."

माझा फणीचा हात थांबला. "तुझ्या पायानं गेला, असं कोण म्हणालं?"

"आत्या. बाळाला नेला तवा. म्हनाली, पोरीचा पाय वंगाळ, पाठचा भाव खाल्ला." मग थोड्या वेळानं, "आय तितंच व्हती. ती काय बोलली नाय."

ओढ्याचं पाणी तिच्या पावलांवरून जात होतं. त्याच पायांवर गेले कित्येक दिवस बायका डोकी टेकवत होत्या आणि नारळ फोडत होती ती आत्याच. मी तिची वेणी पुरी केली. दुसरं काय करावं ते कळेना, म्हणून वेणीला माझ्याच पातळाच्या काठाची पट्टी फाडून बांधली.

मामांना सांगितलं तेव्हा ते शेवग्याखाली बसले होते. चष्मा काढून ते तो पुष्कळ वेळ पुसत राहिले. मी विचारलं, "आता हे गावाला सांगायचं?"

"गावाला कशाला? तिच्या आईला सांग. आणि तूच सांग. मी सांगितलं तर तो निकाल होईल."

चांगुणाला मी गाडीपाशी सांगितलं. ती सुरुवातीला नुसती ऐकत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरातलं. मग उठली आणि चालू लागली, चालता चालता पळू लागली. सोनी ओढ्यावर एकटीच दगड मांडत बसली होती. चांगुणा पाण्यातच तिच्यासमोर बसली, लुगडं भिजलं त्याचं भान नाही.

"आत्या बोलली ते मी आयकलं नाय गो. आयकलं आसतं तर तिचा तोंड धरला आसता. मला तवा कायच आयकू येत नव्हता."

सोनी दगड मांडत राहिली.

"ताप व्हता त्याला. ताप. आपल्या पाड्यावरची आनखी पोरं गेली ना तवा? ती काय तुज्या पायानं गेली? तुज्याच मांडीवर निजायचा त्यो. माज्याकडं रडायचा नि तुज्याकडं निजायचा."

"आंगाई म्हनायची मी," सोनी म्हणाली.

"म्हनायचीस."

"मंग आत्याला सांगशील?"

"सांगन. आख्खा पाडा आयकंल आशी सांगन."

सोनीनं हातातला दगड खाली ठेवला आणि आईच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं. मी वर घराकडे निघून आले. पुढचं त्या दोघींचं होतं.

राहिला प्रश्न भिमायचा, आणि मला तोच अवघड वाटत होता. तिच्या आशेचं काय करायचं? मामा तिच्यासमोर ओट्याखाली बसले आणि शब्द शोधू लागले. "भिमाय, ही मुलगी..."

"चांगुनेची हाय," म्हातारी म्हणाली. "मला ठावं हाय, दादा. काल दारात आली तवाच कळलं. माजी मथी डाव्या पायानं थोडी लंगडायची, नि हसल्याबिगर उभी ऱ्हायची नाय. मी माजी लेक वळखनार नाय का?"

"मग काल बोलला का नाहीत?"

"येवढ्या लांबनं पोर घास मागाय आली. सगला गाव बघतो. नाय कशी म्हनू तिला?" ती थांबली. "नि येक रात मला बी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

मामांनी तिला वाकून नमस्कार केला. तिनं पाय मागे ओढून घेतले आणि म्हणाली, "ह्ये काय, तुमी थोरले."

दुपारपर्यंत लोक पुन्हा जमले, नारळ-कुंकू घेऊन. कालचा म्हातारा सगळ्यांत पुढे. भिमाय ओट्यावर उभी राहिली. "माजी मथी गेली, मीच तिला लाकडं दिली. ही चांगुनेची सोनी हाय, पावनी आलीय. नारल आनलेत तर फोडा, खोबरं वाटा, नि जावा. कामंधामं नाय काय तुमाला?"

"पन घासाचं कसं म्हाईत तिला?" म्हातारा सोडायला तयार नव्हता.

"आरं, कासारनीला म्हाईत म्हंजी जगाला म्हाईत."

लोक हसले, आणि त्या हसण्यात कुणीच कुणाला खोटं पाडलं नाही. खोबरं वाटलं गेलं, सोनीच्याही हातावर आलं.

निघताना सोनी भिमायला बिलगली. तिनं हळूच काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही, पण उत्तर ऐकू आलं.

"घास मथीचाच, बाय. त्यो तुला कसा देनार? तू आलीस का तुला आख्खं ताट वाढीन."

आटगाव

धर्मानं आम्हाला रानातल्या गाडीवाटेनं आटगावच्या स्टेशनापर्यंत पोचवलं. एका बाजूला माहुलीचे सुळके, दोन्हीकडे सागाचं रान, आणि वाळक्या पानांवर चाकांचा चुरचुर आवाज. मामा अनवाणीच होते. शेणव्यात त्यांच्या मापाची वहाण कुणाकडे मिळाली नाही. वाटेत धर्मानं एकदाच गाडी थांबवली, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा हाकली. मागे चांगुणा लेकीला कुशीत घेऊन झोपली होती. गाडी इतकी हिंदकळत होती तरी दोघींपैकी एकीलाही जाग आली नाही.

स्टेशनाबाहेरच्या झाडाखाली आम्ही शिदोरी सोडली. चांगुणानं भाकर मोडून आधी मामांना दिली, मग मला, मग सोनीला. सोनीनं ती घेतली, वर चटणी मागितली, आणि खाता खाता माझ्याकडे बघू लागली.

"बाय, तुमच्याकडं बाळ हाय?"

"नाही गं."

"का?"

"नाही झालं अजून."

चांगुणानं तिला दटावलं. पण सोनी माझ्याजवळ सरकली आणि मोठ्या माणसासारखं माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मी येते तुमच्या घरी. माजा पाय चांगला हाय. आय म्हनते."

मी मामांकडे पाहिलं. पायगुण, शकुन, नवस यांच्याविरुद्ध त्यांनी जन्मभर व्याख्यानं दिली आहेत. त्यांनी घास चावता चावता माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघू लागले.

"ये," मी म्हटलं. "आंब्याच्या दिवसांत ये."

"येते," सोनी म्हणाली, आणि भाकर संपवून टाकली.